कणगीतली कणगी : आभासी संगणकाच्या साठवणुकीचे दुखणे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी व माजी विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते आपल्या प्रशालेत सहशिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)





मी इतिहास आणि मराठी शिकवितो. संगणक हा माझा विषय नव्हे. परंतु आपल्याकडे जो शिक्षक एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढतो, तो त्या दिवसापासून संगणकाचा जाणकार ठरतो आणि मग त्याची सुटका नाही. माझे तसेच झाले. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते पंडिताचे प्रवचन नाही. हात पोळलेल्या माणसाचे निवेदन आहे. हात माझा पोळला, पण चटका आपल्या शाळेच्या दप्तराला बसला, म्हणून ते चारचौघांत सांगणे मला भाग आहे.

विषय आहे आभासी संगणक, म्हणजे ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते, आणि त्याच्या साठवणुकीत उद्भवणाऱ्या अडचणी. नाव भारदस्त आहे. गोष्ट तितकी अवघड नाही. आपल्या टेबलावरच्या संगणकात एक असा कार्यक्रम घालता येतो की जो आपल्या पोटात दुसरा एक संगणक असल्याची बतावणी करतो. त्या दुसऱ्या संगणकाला स्वतःची स्मृती असते, स्वतःचा पडदा असतो, स्वतःची डिस्क असते. मात्र यातले काहीही हाताला लागत नाही. आतल्या विंडोजला वाटते की आपण स्वतंत्र घरात राहतो. वस्तुतः ते दुसऱ्याच्या पडवीत राहत असते.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या अवाढव्य यंत्रांवर असे प्रयोग केले आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती व्यवस्था ग्राहकांपुढे आणली. तेव्हाही एका मोठ्या डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येकाला ‘ही तुझी डिस्क’ म्हणून वाटून देत असत. साध्या पीसीवर ही सोय आणली ती व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली. आपण शाळेत वापरतो तो व्हर्च्युअलबॉक्स हा कार्यक्रम इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचा. २००७ मध्ये त्याची खुली आवृत्ती आली, २००८ मध्ये ती कंपनी सनने घेतली आणि २०१० मध्ये सनलाच ओरॅकलने घेतले. मालक बदलत गेले तरी कार्यक्रम फुकट मिळत राहिला, आणि शाळेच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे हे खजिनदारसाहेब मान्य करतील.

आता आपल्याला याची गरज का पडली ते सांगतो. २००४ साली आखाती देशांत नोकरीला असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी देणगी गोळा करून कार्यालयासाठी संगणक घेऊन दिला. त्यावर विंडोज एक्सपी होते आणि जनरल रजिस्टर व शाळा सोडल्याचे दाखले यांसाठी एक कार्यक्रम मुद्दाम लिहवून घेतला होता. मी त्या वेळी याच शाळेत विद्यार्थी होतो. माझा दहावीचा दाखला त्याच यंत्रातून निघाला आहे. त्या कार्यक्रमातले मराठी जुन्या पद्धतीचे, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधले. त्या काळी प्रत्येक फॉन्टवाला रोमन अक्षरांच्या जागी आपल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवीत असे. फॉन्ट काढून घेतला की ‘मोहम्मद’ हे नाव कंस, टिंबे आणि इंग्रजी अक्षरे यांची खिचडी होऊन समोर येते. म्हणजे आतली माहिती वाचायची तर तोच कार्यक्रम, तोच फॉन्ट आणि तेच एक्सपी हवे. आणि एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये कायमचा निरोप दिला.

यंत्र तरीही चालवले. पण आपला किनारा खारा. समुद्रावरच्या हवेने पत्र्याचे डबे खातात, तशी संगणकाच्या आतली जोडणीही खाते. २०१८ साली ते यंत्र सुरू होण्यासाठी कुरकुरू लागले, तेव्हा त्याच्या ४० जीबीच्या डिस्कची जशीच्या तशी एक फाईल करून घेतली आणि ती नव्या संगणकावरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये चढवली. पहिल्याच दिवशी निळा पडदा आला. त्यावर शेवटी सातबी असा आकडा. दोन दिवस डोके फोडल्यावर उलगडा झाला. नव्या आभासी यंत्राने ती डिस्क साटा पद्धतीच्या नियंत्रकाला जोडली होती आणि बिचाऱ्या एक्सपीला ती पद्धत मुळात ठाऊकच नव्हती. सेटिंगमध्ये जाऊन डिस्क जुन्या आयडीई नियंत्रकाखाली जोडली आणि एक्सपी त्याच्या परिचित हिरव्या टेकडीसह उघडले. आमच्या लेखनिकभाईंनी खुर्चीतून उठून माझ्याशी हस्तांदोलन केले. त्या हस्तांदोलनाने मला जरा जास्तच चढली, असे आता वाटते.

मुख्य मुद्दा असा की आभासी संगणकाची डिस्क ही बाहेरच्या संगणकावरची एक फाईल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिला व्हीडीआय म्हणतात, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके, मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत व्हीएचडी. आमच्या घरी माळ्यावर भाताची मोठी कणगी असे. समजा त्या कणगीच्या आत एक लहान कणगी ठेवली. लहान कणगीत किती भात मावेल हे तिच्या आकारावर ठरेल, आणि लहान कणगी किती फुगू शकेल हे मोठ्या कणगीत उरलेल्या जागेवर ठरेल. साठवणुकीची तक्रार आली की पहिला प्रश्न एवढाच : भरले ते आतले की बाहेरचे? हा प्रश्न न विचारता जो कामाला लागतो तो माझ्यासारखा फसतो.

कारण इथे एक गोम आहे. आभासी डिस्क दोन प्रकारांनी करता येते. पहिल्या प्रकारात ४० जीबी म्हटले की तेवढी जागा आरंभीच अडवून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात आतल्या विंडोजला ४० जीबीचे नुसते वचन देतात. फाईल सुरुवातीला लहान असते आणि लागेल तशी वाढते. हा दुसरा प्रकार सोयीचा, म्हणून सगळे तोच घेतात. पण ते वचन आहे, भात नव्हे. कणगीत शंभर मण असताना तिघा भावांना प्रत्येकी पन्नास मणांचा शब्द द्यावा, तसे. तिघे एकदम मागायला येईपर्यंत घरात शांतता असते. मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणक-केंद्रांतही नेमके हेच करतात आणि तिथेही हीच फजिती होते. दुबईला अशाच केंद्रात काम करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मला फोनवर सांगितले, “सर, आमच्याकडे सामाईक साठा भरला की एक नाही, त्यावरची सगळी यंत्रे एकदम थांबतात.” मला तेवढेच बरे वाटले.

दुसरी गोम. ही फाईल वाढते, पण आपण होऊन आटत नाही. आतल्या विंडोजमध्ये दहा जीबी फोटो पुसून टाका. आतला हिशेब म्हणेल की दहा जीबी मोकळे झाले, बाहेरची फाईल मात्र तसूभर कमी होणार नाही. कारण पुसणे म्हणजे आत केवळ नोंदवहीत ‘रिकामे’ असा शेरा मारणे, आणि तो शेरा बाहेरच्याला वाचता येत नाही. फाईल खरोखर आटवायची तर आत रिकाम्या जागेवर शून्ये लिहून घ्यावी लागतात. विंडोजसाठी एसडिलीट नावाचे लहानसे साधन त्यासाठी मिळते. मग यंत्र बंद करून बाहेरून व्हीबॉक्समॅनेजच्या मॉडिफायमीडियम या आज्ञेला कॉम्पॅक्टची जोड देऊन ती फाईल दाबून घ्यायची. शून्ये लिहिताना फाईल आधी फुगू शकते. म्हणून बाहेर पुरेशी जागा असल्याखेरीज याच्या वाटेला जाऊ नये.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले ते कोणीही विसरलेले नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ले सगळीकडे झाडे आडवी झाली, विजेचे खांब पडले, कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. आपल्या कार्यालयाची कौले उडाली. संगणक टेबलावर होता, त्यावर मामांनी (आमच्या शिपाईमामांनी) आपली ताडपत्री टाकली म्हणून तो वाचला. कपाटावर ठेवलेले एक जुने जनरल रजिस्टर मात्र रात्रभर पावसात भिजले. १९६८ ते १९७० च्या सुमारच्या नोंदींचे ते रजिस्टर. ऊन पडल्यावर पडवीत पाने सुटी करून वाळवली. शाई फुटली होती, तरी भिंग लावून वाचता येत होते. लेखनिकभाईंनी ठरवले की पाने पुरती जायच्या आत त्या नोंदी संगणकात चढवायच्या. शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास बसून त्यांनी ते काम ऑगस्टमध्ये सुरू केले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पानांना बुरशी लागली, दोन पाने एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना हातात भुगा आला. पण त्याची चिंता नव्हती. नोंदी संगणकात आल्या होत्या.

वादळाच्या धसक्याने मी जुलै २०२१ मध्ये त्या आभासी यंत्राचा स्नॅपशॉट घेतला, आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी एक, असे आणखी तीन घेतले. मुख्याध्यापकसाहेबांना सांगितले, “बॅकअप घेतला आहे.” इथे मी दोन भिन्न गोष्टींची गल्लत केली. स्नॅपशॉट म्हणजे नक्कल नव्हे. दुकानदार खतावणी ज्या दिवशी बांधून ठेवतो, त्या दिवसापासूनचे सगळे व्यवहार पुरवणी वहीत लिहितो. जुनी वही जशीच्या तशी राहते, म्हणून वाटल्यास मागे जाता येते. पण आजची बाकी काढायची तर दोन्ही वह्या लागतात. चार स्नॅपशॉट म्हणजे एक मूळ वही आणि तिच्यामागे एकीला एक बांधलेल्या चार पुरवण्या. मधली एक हरवली की पुढच्या निरर्थक. आणि या सगळ्या एकाच कपाटात, एकाच डिस्कवर असतात. कपाट जळाले तर सगळ्या एकदम जळतील. त्याला बॅकअप कसे म्हणावे?

जून २०२२. दहावीचा निकाल लागला होता, दाखल्यांसाठी खिडकीवर गर्दी. दाखला छापता छापता यंत्र थबकले आणि इंग्रजीत निरोप आला. त्याचा भावार्थ असा : बाहेरच्या संगणकावरील डिस्क भरली आहे, आभासी यंत्र तात्पुरते थांबवले आहे, जागा मोकळी करून पुढे चालू करता येईल. किती समंजस निरोप! पुढची वाटसुद्धा त्यातच सांगितली होती. बाहेरच्या डिस्कवर स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ पडून होते, वीस-बावीस जीबीचे. ते बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवले असते आणि ‘पुढे चालू’ हे बटण दाबले असते, तर दाखला जिथे थांबला तिथून छापून निघाला असता.

मी तो निरोप वाचला नाही. खिडकीवरून “सर, किती वेळ?” चालले होते. मी आत पाहिले तर एक्सपीच्या सी ड्राइव्हवर नऊ जीबी मोकळे दिसत होते. मनात म्हटले, हा निरोपच चुकीचा आहे. मामा मागे उभे होते. ते म्हणाले, “सर, भायर जागा नाय तर भितुर खंयसून येतली?” त्यांना संगणकातले काही कळत नाही असे मी समजत होतो. मी यंत्राची वीज काढल्यासारखे ते बंद केले. मग फोल्डरमध्ये गेलो. तिथे स्नॅपशॉट्स नावाच्या फोल्डरात लांबलचक आकडे आणि कंस असलेल्या नावांच्या चार भल्यामोठ्या फाईली दिसल्या. अशी नावे तात्पुरत्या कचऱ्याचीच असणार, अशी माझी समजूत. शिफ्ट धरून डिलीट दाबले. भरपूर जागा झाली. मला समाधान वाटले.

यंत्र पुन्हा सुरू होईना. डिस्क सापडत नाही म्हणून तक्रार. मूळ व्हीडीआय तेवढी वेगळी जोडली, तेव्हा एक्सपी उघडले; पण ते जुलै २०२१ मधले एक्सपी होते. अकरा महिन्यांचे प्रवेश, नावांच्या दुरुस्त्या, दाखल्यांचे अनुक्रमांक आणि भिजलेल्या रजिस्टरातून उतरवलेल्या नोंदी त्या चार पुरवण्यांत होत्या, आणि त्या मी माझ्या हाताने फेकल्या होत्या.

लेखनिकभाई शांतपणे म्हणाले, “पेनड्राइव्ह आहे ना.” होता. दर शनिवारी ते त्यात नक्कल घेत असत. उघडून पाहिले तर आत काही केबींची एकच फाईल. ती होती त्या यंत्राच्या सेटिंगची फाईल; डिस्क नव्हेच. मोठी फाईल टाकताना दर वेळी ‘या ठिकाणासाठी फाईल फार मोठी आहे’ असे पडद्यावर येई आणि भाई ‘वगळा’ दाबत. बाजारातले पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने बांधलेले येतात आणि त्या पद्धतीत ४ जीबी वा त्याहून मोठी फाईल ठेवताच येत नाही. मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने पुन्हा बांधून घेतला असता तर काम झाले असते. भाईंचा दोष नाही. ती नक्कल एकदाही उघडून पाहिली नाही, हा माझा दोष.

पुढे कोल्हापूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे डिस्क पाठवली. त्याने आठ दिवस ठेवून घेतली आणि हात वर केले. नवा संगणक एसएसडीचा. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली फाईल तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागेवर पडून असते, म्हणून ताबडतोब यंत्र बंद केले तर ती बहुधा निघते. एसएसडीमध्ये विंडोज पुसताक्षणी ट्रिम नावाची सूचना देते की या जागा आता नकोत, आणि डिस्क सवडीने त्या खरोखरच साफ करते. एरवी गुणाची असलेली ही गोष्ट त्या दिवशी आमच्या मुळावर आली.

गेलेल्यापैकी बरेचसे परत उभे करता आले, कारण सुदैवाने आपले कागदी दप्तर चालू होते. अकरा महिन्यांचे प्रवेश चालू रजिस्टरातून पुन्हा घातले. दाखल्यांचे क्रमांक स्थळप्रतींवरून जुळवले. त्यासाठी दोन आठवडे दाखले हाताने लिहून दिले. नावांच्या दुरुस्त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यामुळे त्यांची पत्रे फायलीत होती. पण त्या चिकटलेल्या दोन पानांवरची बेचाळीस नावे कशी उभी करणार? कागद भुगा झालेला आणि संगणकातली नोंद मी पुसलेली.

ही बेचाळीस नावे म्हणजे काय हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा हवा, आखातात व्हिसाला वडिलांचे नाव तंतोतंत हवे, निवृत्तिवेतनाला हवे, वारसाच्या नोंदीला हवे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले असते. आडनाव कुठे गावावरून, कुठे धंद्यावरून. ‘अब्दुल’ कुठे सुटे, कुठे जोडून. त्यात शाळेची नोंद हा अनेकांचा एकमेव भक्कम कागद. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एक साठीतल्या बाई मुलाला घेऊन दुय्यम दाखला मागायला आल्या. त्यांचे नाव त्या दोन पानांवर होते. “मास्तर, मी याच शाळेत चौथीपर्यंत होते, त्या खोलीत,” असे त्या हात करून सांगत होत्या. मी मान खाली घालून ऐकत होतो. शेवटी १९६९ च्या एका वार्षिक परीक्षेच्या निकालपत्रकात त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि रजिस्टर क्रमांक सापडला आणि रीतसर पत्रव्यवहार करून त्यांचे काम झाले. त्यानंतर आम्ही जुनी हजेरीपत्रके, निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या चाळल्या. लोकांच्या घरी जाऊन पेटीतले मूळ दाखले पाहिले. बेचाळीसपैकी सदतीस नोंदींना आधार मिळाला आहे. पाच अजून राहिल्या आहेत.

आता आज आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो, कारण इथे इतर शाळांचे लेखनिकही आले आहेत आणि त्यांच्याकडेही अशी एक्सपीची भुते पोसलेली आहेत हे मला ठाऊक आहे.

यंत्र अडले की प्रथम निरोप शब्दशः वहीत उतरवतो. इंग्रजी कळो न कळो, उतरवतो. मग बाहेरच्या डिस्कवर किती जागा आहे ते पाहतो, नंतर आतल्या. बाहेरचे भरले असेल तर आतल्या यंत्राला हात न लावता बाहेरून व्हिडिओ-फोटो हलवतो आणि पुढे चालू करतो. बाहेर जागा असून आतले भरले असेल, तर आभासी डिस्क वाढवावी लागते; तीच मॉडिफायमीडियमची आज्ञा, जोडीला रिसाइझ. पण एवढ्याने आतल्या विंडोजला काही कळत नाही. कणगी उंच केली तरी आतली खूण जुन्याच जागी राहते. तो विभाग आतून ताणून घ्यावा लागतो. एक्सपीला स्वतःचा चालू विभाग ताणता येत नाही, त्यासाठी जीपार्टेड नावाच्या फुकट मिळणाऱ्या चकतीवरून यंत्र सुरू करून ते काम करावे. आणि वाढवणे असो वा दाबणे असो, स्नॅपशॉट शिल्लक असताना यात पडू नये. स्नॅपशॉट मिटवायचे ते व्हर्च्युअलबॉक्सच्या आतूनच. मग तो कार्यक्रम पुरवणी वह्या मूळ वहीत उतरवून घेतो. या उतरवण्याला वेळ लागतो, कधी तासभरही, आणि तेवढ्यापुरती जास्तीची जागाही लागते. डिस्क काठोकाठ भरल्यावर स्नॅपशॉट मिटवू म्हणणाऱ्याला म्हणूनच अडचण येते. मध्येच घाबरून बंद करू नये.

फाईलची नक्कल घेताना आभासी यंत्र पूर्ण बंद हवे. चालू यंत्राच्या फाईलची नक्कल म्हणजे बोलणाऱ्या माणसाचे अर्धे वाक्य. आणि तीच नक्कल त्याच संगणकावर जोडायला गेलात तर ‘या ओळखक्रमांकाची डिस्क आधीच आहे’ म्हणून व्हर्च्युअलबॉक्स नाकारतो. त्याने न घाबरता त्याच्याच क्लोनच्या सोयीने प्रत काढावी, ती नवा क्रमांक घेऊन येते.

कुडाळकडच्या एका शिक्षकमित्राकडे निराळाच घोटाळा झाला. यंत्र भयंकर मंद, रोज संध्याकाळी इंटरनेट ठप्प. पाहतो तर ती तीस जीबीची फाईल डॉक्युमेंट्स फोल्डरात, आणि तो फोल्डर आपोआप इंटरनेटवर नक्कल ठेवणाऱ्या सेवेला जोडलेला. आत एक ओळ बदलली की फाईल बदललेली दिसे आणि सेवा बिचारी ती वर चढवायला धावे. फाईल दुसऱ्या फोल्डरात हलवली, व्हायरस तपासणाऱ्या कार्यक्रमालाही तिच्याकडे दुर्लक्ष करण्यास सांगितले, आणि यंत्र माणसात आले.

विजेबद्दल एक. आतले विंडोज समजते की आपण लिहिलेले डिस्कवर पोहोचले. वस्तुतः ते कधीकधी बाहेरच्या संगणकाच्या स्मृतीत वाट पाहत असते. त्याच वेळी वीज गेली तर आतले आणि बाहेरचे, दोन्ही हिशेब बिघडतात. आपल्याकडे मृग लागले की वीज दिवसातून किती वेळा डोळा मिचकावते हे मी सांगायला नको. यूपीएस नसेल तर आभासी यंत्र चालवूच नये. आणि एक्सपीची इंटरनेट-जोडणी सेटिंगमधूनच काढून टाकावी. त्या वृद्धाला आता बाजारात पाठवणे धोक्याचे आहे.

खरे पाहता हे सगळे तात्पुरते उपचार. जुन्या फॉन्टमधली माहिती युनिकोडमध्ये काढून घेणे हाच उपाय, आणि तो आम्ही गेल्या दोन वर्षांत बराच पुढे नेला आहे. फॉन्ट पालटून देणारे कार्यक्रम मिळतात, पण नावांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबता येत नाही. जोडाक्षर आणि रफार यांत ते हमखास अडखळतात. म्हणून नववी-दहावीची मुले जोडीने बसतात. एक कागदी रजिस्टर मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर ताडून पाहतो. मराठीच्या शिक्षकाला हा तास फार आवडतो हे कबूल करतो. १९९० पर्यंतच्या नोंदी ताडून झाल्या आहेत. त्यांची छापील प्रत बांधून कपाटात आहे, एक नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर शाळेत आणि दुसरी अध्यक्षसाहेबांच्या घरी, समुद्रापासून लांब. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यातली एक दुसऱ्या संगणकावर उघडून एखादा दाखला पडद्यावर आणून पाहतो. कोणाचा दाखला पाहायचा ते मामा सांगतात.

राहिलेल्या पाच नोंदींची यादी उद्यापासून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागेल. त्यात फक्त रजिस्टर क्रमांक असतील, कारण नावे आमच्याकडे नाहीत. १९६८ ते १९७० या काळात आपल्या घरातले कोणी या शाळेत असेल आणि पेटीत जुना दाखला, प्रगतिपुस्तक, अगदी शिष्यवृत्तीची पावती जरी असेल, तरी ती कृपया कार्यालयात आणून दाखवावी. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. समोरच प्रत काढून परत देऊ. कार्यालय सकाळी साडेदहा ते साडेपाच उघडे असते, आणि शनिवारी दुपारी मीही तिथेच असतो.